बोल्ट अडतो, प्राइमर सपाट होतो: हाताने भरलेल्या काडतुसात दाब वाढण्याचं कारण कसं शोधायचं

गोळी झाडली, बोल्ट (रायफलची नळी मागून बंद करणारा दांडा) उचलायला गेलं की हात अडतो. जोर लावून पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) बाहेर काढली तर तिच्या बुडावर एक चकचकीत ठसा दिसतो आणि प्राइमरच्या (बुडातल्या, पावडर पेटवणाऱ्या छोट्या टोपीच्या) गोलसर कडा दबून सपाट झालेल्या असतात. लोड (दारूची पावडर किती, गोळी आणि प्राइमर कोणते याचं ठरलेलं माप) काडतुसं भरण्याच्या मॅन्युअलमधलाच, कमाल आकड्याच्या आतला. गेल्या हिवाळ्यात याच लोडने काही त्रास दिला नव्हता. मग एखादं काडतूस भरताना थोडं इकडेतिकडे झालं असेल म्हणून पुढचं झाडलं जातं. कधी ते नीट जातं, कधी पुन्हा तेच. महिनाभर सगळं ठीक वाटतं आणि मग एखाद्या दुपारी रेंजवर तोच बोल्ट पुन्हा अडतो.

टेक्सास, ॲरिझोना, जॉर्जिया अशा ठिकाणी राहून स्वतःची काडतुसं स्वतः भरणारी मराठी मंडळी थोडी असली तरी आहेत, आणि त्यांच्याकडून हाच प्रश्न वारंवार येतो. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

भारतातल्या वाचकांना आधीच सांगतो: शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो आणि तो नसताना घरी काडतुसं भरणं हा गुन्हा आहे. कोल्हापुरात, पुण्यात नेमबाजी शिकलेल्यांचा या प्रकाराशी संबंधही आलेला नसतो. तिथे एअर रायफल किंवा .२२ रिमफायर असते, आणि .२२ ची पुंगळी पुन्हा भरण्यासाठी नसते. स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवलं ती ५० मीटरची स्पर्धा याच .२२ ची. तेव्हा तिकडे नेमबाजीत कितीही मुरलेले असलात तरी इकडे येऊन प्रेस (काडतुसं भरायचं यंत्र) विकत घेतलीत की या कामात तुम्ही नवशिकेच असता. हे मान्य करून सुरुवात केलेली बरी.

सगळ्यात आधी: ती बॅच बाजूला ठेवा

बोल्ट अडला की त्या दिवशी त्या बॅचमधलं एकही काडतूस झाडायचं नाही. "अजून एक मारून बघतो" हा तपास नव्हे. कारण शोधायला लागणारा सगळा पुरावा झाडलेल्या पुंगळ्यांत, उरलेल्या काडतुसांत आणि तुमच्या वहीत आधीच आहे. आणखी एक गोळी झाडून त्यात नवी माहिती पडत नाही, फक्त धोका वाढतो.

धोका केवढा, हे आकड्यांत सांगतो. अमेरिकेत काडतुसांच्या कमाल दाबाची मानकं सामी ही संस्था ठरवते, युरोपात सीआयपी. सामीप्रमाणे ९ मिमी ल्युगरची मर्यादा ३५,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे, .३०-०६ ची ६०,०००, .३०८ विंचेस्टरची ६२,०००. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये ३५ पीएसआय हवा असते. म्हणजे साध्या ९ मिमी पिस्तुलाच्या चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागेत), तुमच्या मुठीच्या काही सेंटिमीटर वर आणि चेहऱ्यापासून हातभर अंतरावर, टायरच्या हजारपट दाब तयार होतो. हा नेहमीचा, सुरक्षित दाब झाला. बिघडलेला लोड यापुढे सुरू होतो.

रिव्हॉल्व्हर फुटतं तेव्हा बहुतेक वेळा सिलिंडरचा वरचा भाग उडतो. जे चेंबर झाडलं ते आणि त्याच्या दोन्ही बाजूंची चेंबरं उघडी पडतात, वरची पट्टी कमानीसारखी वाकते. पिस्तुलात पुंगळीचं बूड जिथे चेंबरचा आधार सुटतो तिथे, म्हणजे फीड रॅम्पच्या (काडतूस चेंबरमध्ये सरकवणाऱ्या उताराच्या) वर, फाटतं. गरम वायू मॅगझीनच्या खाचेतून खाली निघतो, मॅगझीन उडवतो, पकड फोडतो. रायफलमध्ये बूड निकामी झालं की वायू बोल्टच्या बाजूने मागे, थेट डोळ्यांकडे येतो. म्हणून पॉलिकार्बोनेटचा, झेड८७.१ खूण असलेला चष्मा रेंजवर पाऊल टाकल्यापासून डोळ्यांवर हवा. नंबरचा साधा चष्मा त्याची जागा घेऊ शकत नाही.

खुणा उशिरा दिसतात

या सगळ्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवा. "प्राइमर ठीक दिसतोय, म्हणजे दाब ठीक आहे" हा समज चुकीचा आहे, आणि अनेक अपघातांच्या मुळाशी तो असतो.

पुंगळीचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. गोळी झाडली की पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते, वायू मागे येऊ देत नाही, आणि दाब उतरला की थोडी आकसते. त्यामुळेच ती सहज बाहेर येते. दाब फार वाढला की बुडाकडचं कडक पितळही कायमचं पसरतं, आकसून परत येत नाही आणि पुंगळी चेंबरमध्ये घट्ट बसते. तुम्हाला बोल्ट अडलेला जाणवतो तो या टप्प्यावर. बोल्टच्या तोंडाशी इजेक्टरचं (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या पिनचं) भोक असतं, त्यात पितळ दाबलं जाऊन तो चकचकीत अर्धगोल ठसा उमटतो. म्हणजे या खुणा दिसेपर्यंत आधुनिक रायफलच्या काडतुसाची कमाल मर्यादा बहुधा ओलांडून झालेली असते. या खुणा पूर्वसूचना देत नाहीत, घडून गेलेलं सांगतात.

कमी दाबाच्या काडतुसांत तर खुणा दिसतच नाहीत. .३८ स्पेशलची मर्यादा १७,००० पीएसआय आणि .३५७ मॅग्नमची ३५,०००. दोन्हींची पुंगळी एकाच व्यासाची, एकाच पितळाची; .३५७ ची फक्त साधारण साडेतीन मिलिमीटर लांब. प्राइमरही अनेकदा तोच. .३५७ मध्ये ३५,००० ला तो प्राइमर मजेत टिकतो, मग .३८ मध्ये दाब मर्यादेच्या दुप्पट झाला तरी तो सपाट का होईल? होणार नाही. पुंगळी सुरेख दिसेल, प्राइमर गोलसर दिसेल, आणि तुमचं जुनं, हलक्या चौकटीचं .३८ रिव्हॉल्व्हर दर गोळीला थोडं थोडं संपत असेल. सहा गोळ्यांच्या बऱ्याच रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर अडवणारी खाच नेमकी चेंबरच्या भिंतीवर, सगळ्यात पातळ जागी असते. तडा तिथूनच जातो.

.४५-७० ची गोष्ट आणखी गंभीर. हे १८७३ चं काडतूस, सामीची मर्यादा २८,००० पीएसआय. पण मॅन्युअल उघडलंत तर त्यात या एका काडतुसाचे तीन वेगळे विभाग दिसतील: जुन्या ट्रॅपडोर स्प्रिंगफील्डसाठी, लिव्हर ॲक्शन रायफलींसाठी, आणि रूगर नंबर वन सारख्या भक्कम रायफलींसाठी. पान उलटताना विभाग चुकला आणि शेवटच्या विभागातला लोड ट्रॅपडोरमध्ये गेला तर पुंगळी तुम्हाला काहीही सांगणार नाही, ब्रीच (नळीचं मागचं, बंद होणारं तोंड) सांगेल.

मर्यादेपलीकडे जाऊन जास्त वेग काढायच्या मोहातून काडतुसांचा इतिहासही घडला आहे. १९२० आणि ३० च्या दशकांत जड चौकटीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल मर्यादेपेक्षा जास्त दाबाचं भरायची अमेरिकेत चढाओढ होती. १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम आलं तेव्हा त्याची पुंगळी मुद्दाम लांब केली, की ते जुन्या .३८ च्या सिलिंडरमध्ये बसूच नये. आयडाहोचे एल्मर कीथ हे या चढाओढीतलं मोठं नाव. त्यांनीसुद्धा जड लोडने .४५ कोल्टचं रिव्हॉल्व्हर फोडलं आणि मग चेंबरच्या भिंती जाड मिळतात म्हणून .४४ स्पेशलकडे वळले. १९५५ च्या .४४ मॅग्नमची मुळं तिथे आहेत. अधिक वेग हवा असेल तर मोठं काडतूस आणि त्याला पेलणारी बंदूक घ्यावी, हे त्या पिढीने बंदुका फोडून शिकलं. आपण ते पुन्हा तसंच शिकायची काही गरज नाही.

तपास: झाडलेल्या पुंगळीपासून मागे चला

चांगला उजेड, भिंग, आणि त्याच बंदुकीतून झाडलेली कारखान्याच्या काडतुसाची एक पुंगळी शेजारी ठेवा. तुलना नसेल तर खुणा वाचताना फसगत होते.

प्राइमरची कड सपाट झाली असेल तर ते एकटं पुरेसं नाही. प्राइमरच्या कपाचं पितळ प्रत्येक कंपनीचं कमीजास्त जाड असतं. शिवाय अगदी हलक्या लोडमध्येही प्राइमर सपाट दिसू शकतो: दाब कमी असतो, प्राइमर आधी मागे सरकतो आणि मग पुंगळी बोल्टवर आदळून त्याला परत आत दाबते. तसंच फायरिंग पिनच्या ठशाभोवती कडा उभी राहिली असेल तर पिनचं भोकच सैल आहे का ते पाहा. काही बंदुकांत प्रत्येक काडतुसाला तसंच होतं, कारखान्याच्यासुद्धा. पण प्राइमर सपाट, बुडावर इजेक्टरचा ठसा आणि बोल्ट जड, हे तीन एकत्र दिसले की वाद संपला. प्राइमरच्या कडेने काळी काजळी आली असेल, किंवा पुढच्या वेळी भरताना नवा प्राइमर हाताला काहीच विरोध न जाणवता खड्ड्यात सरकला, तर त्या पुंगळीचं बूड पसरलं आहे. ती पक्कडीने चेपून भंगारात टाका, म्हणजे चुकून परत वापरात येणार नाही.

एक खूण मात्र बहुतेक लोक दाबाची समजतात, ती दाबाची नसते. बुडाच्या किंचित वर, पुंगळीला गोल फिरणारी चमकदार रेघ. पेपरक्लिप सरळ करा, तिच्या टोकाला छोटासा आकडा वाकवा, आणि तो पुंगळीच्या आत तळापासून वर भिंतीला घासत आणा. रेघेच्या जागी आकडा एखाद्या चरात अडखळला तर तिथलं पितळ ताणून पातळ झालं आहे, आणि पुढच्या एखाद्या गोळीला पुंगळी तिथून तुटेल. कारण बहुधा रिसायझिंग डाय (झाडलेली पुंगळी परत मापात आणणारा साचा) गरजेपेक्षा खाली बसवलेली असते, त्यामुळे पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतार) दरवेळी फार मागे ढकलला जातो. पावडर कमी करून हे थांबणार नाही, डाय वर घ्यावी लागेल. दोन वेगळे आजार आहेत, औषधही वेगळं.

चेंबर ओलं असेल, काडतुसावर रिसायझिंगचं वंगण राहिलं असेल, तर पुंगळी भिंतीला नीट धरत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येतो. ते आधी पुसून काढा, मग बाकीचा विचार करा.

घरी बसून दाब मोजायचं साधन आपल्याकडे नसतं. खडकीचा दारूगोळा कारखाना किंवा वरणगावचा आयुध कारखाना, जिथे आपल्यातल्या कित्येकांचे काका-मामा नोकरीला होते, तिथे लॉटची चाचणी दाब मोजणाऱ्या नळीतून होते. आपल्याला त्याच्या जवळ नेणारं एकच यंत्र परवडतं, ते म्हणजे गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ. मॅन्युअलमध्ये चाचणीच्या नळीची लांबी आणि मिळालेला वेग दिलेला असतो. तुमची नळी तेवढीच किंवा आखूड असून तुमचा वेग पुस्तकातल्या कमाल वेगाला गाठत किंवा ओलांडत असेल, तर तुमचा दाबही कमाल झाला किंवा पुढे गेला. पावडर कितीही कमी घातलेली असो. "माझी नळी वेगवान आहे" असं मी खूप ऐकलं आहे. फुकटचा वेग नसतो, तो दाबातूनच येतो. माझ्या मते प्रेस घेताना क्रोनोग्राफ त्याच बिलात घ्यावा, नंतर कधीतरी नव्हे.

मग वाढतो कशाने?

हीच समस्या परतपरत येण्याचं कारण असं, की लोक फक्त पावडरच्या वजनाकडे पाहतात. मॅन्युअलमधला कमाल आकडा हा एका विशिष्ट गोळीचा, एका विशिष्ट पुंगळीचा, एका प्राइमरचा, एका लांबीचा आणि एका नळीचा आकडा आहे. त्यातलं काहीही बदललं की तो आकडा तुमचा राहत नाही.

डॅलसजवळच्या एका रेंजवर भेटणाऱ्या एका परिचितांचं .३०८ असंच अडत होतं. त्यांनी टेबलावर सहा पुंगळ्या ओळीने मांडल्या. चार ठीक होत्या, दोघींच्या बुडावर ठसा. पावडर दहादा तपासून झाली होती. मी त्या पुंगळ्या उलट्या करून बुडावरचा छाप पाहिला: चार नेहमीच्या व्यापारी पुंगळ्या, दोन लष्करी, क्रॉस-इन-सर्कल खुणेच्या. लष्करी पुंगळीची भिंत जाड असते, म्हणून आतली जागा कमी. तीच पावडर कमी जागेत जळाली की दाब चढतो. हिवाळ्यात त्या लोडला थोडी सवलत मिळत होती. ऑगस्टच्या उन्हात काडतुसांची पेटी गाडीच्या टपावर ठेवली होती, ती सवलत संपली. पावडर तापली की जास्त जोराने जळते. तापमानाचा परिणाम कमी व्हावा म्हणून बनवलेल्या पावडरी आहेत, हॉजडनची व्हारगेट आणि एच४३५० त्यातल्याच, पण परिणाम कमी म्हणजे शून्य नव्हे. उन्हाळ्यात वापरायचा लोड उन्हाळ्यातच तपासायचा, आणि पेटी सावलीत ठेवायची. पुंगळ्या छापाप्रमाणे वेगळ्या केल्यावर त्यांचा प्रश्न सुटला. सहा पुंगळ्या उलट्या करून बघायला अर्धा मिनिट लागला होता.

पुंगळीची लांबी हे याहूनही दुर्लक्षित कारण. दरवेळी झाडून आणि रिसाइझ करून पितळ पुढे सरकतं, मान लांब होते. ती मर्यादेबाहेर गेली की मानेचं तोंड नळीच्या अरुंद भागात शिरतं आणि गोळीला चिमटीत पकडल्यासारखं धरून ठेवतं. गोळी सुटायला उशीर, दाब झपाट्याने वर. व्हर्नियर कॅलिपरने प्रत्येक पुंगळी मोजा, लांब असेल ती छाटा. हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच ते टाळलं जातं.

गोळी बदलली असेल तर? वजन तेच असलं तरी संपूर्ण तांब्याची गोळी शिसं भरलेल्या गोळीपेक्षा लांब असते, पुंगळीत जास्त आत बसते, आणि नळीत घासतेही वेगळी. तिचा लोड त्या गोळीच्या कंपनीच्याच माहितीतून घ्यायचा. रायफलमध्ये उलटही होतं: नेम सुधारावा म्हणून गोळी इतकी बाहेर बसवतात की ती नळीतल्या पेचांना टेकते, तिथून सुरुवात करायला जास्त दाब लागतो. पिस्तुलात गोळी आत सरकणं घातक. ९ मिमी किंवा .४० च्या पुंगळीत जागा मुळातच थोडी. तेच काडतूस रोज चेंबरमध्ये घालून काढून गोळी मिलिमीटर-दीड मिलिमीटर आत गेली की दाब खूपच चढतो. भरलेलं काडतूस अंगठ्याने टेबलाच्या कडेवर दाबून पाहा. गोळी हलली तर मानेची पकड किंवा क्रिम्प (पुंगळीचं तोंड गोळीवर चेपणं) कमी आहे.

प्राइमर हा गेल्या काही वर्षांतला मोठा गुन्हेगार. २०२० नंतर प्राइमर मिळेनासे झाले तेव्हा ज्याला जे मिळालं ते त्याने वापरलं. साध्या प्राइमरच्या लोडमध्ये जास्त जोराने पेटवणारा मॅग्नम प्राइमर गेला. एवढ्यानेही कमाल लोड मर्यादेपलीकडे जाऊ शकतो. तो बदल केलात तर लोड खालून पुन्हा बांधायचा, दुसरा रस्ता नाही.

नावांच्या सारखेपणाने झालेले घोटाळे वेगळेच. आयएमआर ४३५०, एच४३५० आणि ॲक्युरेट ४३५० या तीन निरनिराळ्या पावडरी आहेत. ४८९५ आणि ४८३१ चंही तसंच. आकडा एक म्हणून लोड एक नसतो. टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा, बाकीचे कपाटात, आणि मापीत (पावडर मोजून टाकणाऱ्या साधनात) उरलेली पावडर काम संपताच तिच्या मूळ डब्यात. मापीत काल काय होतं ते आठवत नसेल तर ती पावडर टाकून द्या. दिसायला सारख्या दोन पावडरींपैकी एक दुसरीपेक्षा कित्येक पट वेगाने जळणारी असू शकते.

जुनं मॅन्युअल वारसाने मिळालं असेल तर जपून ठेवा, पण त्यावरून भरू नका. जुने दाब तांब्याच्या तुकड्याच्या चेंगरण्यावरून मोजलेले, सीयूपी या एककात. .३०८ आणि .२२३ या दोन्हींची जुनी मर्यादा ५२,००० सीयूपी आहे. पण पीएसआयमध्ये पहिल्याची ६२,००० आणि दुसऱ्याची ५५,०००. एका एककातून दुसऱ्यात जायचं सूत्र नाही, हे एवढ्यावरून कळावं.

एकाच बॅचमध्ये काही ठीक, एखादं भयंकर

हा प्रकार वेगळा, आणि बंदुका याने जास्त फुटतात. इथे लोड बरोबर असतो, भरण्यात घोळ असतो.

.३८ स्पेशल मुळात काळ्या दारूच्या जमान्यातल्या मापाची पुंगळी, १८९८ ची. बुल्सआय सारख्या झपाट्याने जळणाऱ्या पावडरचा नेमबाजीचा लोड जेमतेम तीन ग्रेनचा, म्हणजे दोनशे मिलिग्रॅमच्याही आत. पुंगळीच्या तळाशी तो दिसतो न दिसतो. दोनदा पडला तरी वर भरपूर जागा उरते आणि गोळी सुखाने बसते. म्हणून शक्य तिथे अशी फुगीर पावडर निवडा की एका मापाने पुंगळी अर्ध्याहून जास्त भरेल. दुप्पट पडली तर ती सांडेल आणि तुम्हाला दिसेल. प्रेस प्रोग्रेसिव्ह (एका ओढीत अनेक पायऱ्या करणारी) असेल तर पावडरची पातळी तपासणारी डाय, आरसीबीएसची लॉक-आउट किंवा डिलनचा पावडर चेक, हा चैनीचा खर्च नव्हे. सिंगल स्टेज (एका वेळी एकच पायरी करणाऱ्या) प्रेसवर पन्नास पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या करून टॉर्चने प्रत्येकीच्या आत बघायचं, गोळी बसवण्याआधी, दरवेळी. प्रेस अडकून मध्येच थांबलात, फोन आला, मूल खोलीत आलं, तर त्या क्षणी प्रेसवर असलेल्या सगळ्या पुंगळ्या रिकाम्या करून पहिल्यापासून सुरुवात करा.

लांबट दाण्यांची रायफल पावडर मापीच्या नळीत आडवी अडकते. एका पुंगळीत अर्धीच पडते, अडकलेली उरलेली पुढच्या पुंगळीत तिच्या मापासकट कोसळते. म्हणजे एक कमी, एक जास्त, आणि दोन्ही धोक्याची. कमी पडलेल्या पिस्तुलाच्या काडतुसात गोळी नळीतच अडकू शकते. आवाज नेहमीच्या "धाड"ऐवजी "फट्ट" आला, धक्का जाणवला नाही, तर बोट ट्रिगरवरून काढा, बंदूक रिकामी करा आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का पाहा. अडकलेल्या गोळीच्या मागून दुसरी गेली तर नळी फुगते किंवा फाटते.

तसंच, जास्तीला घाबरून पावडर मनाने खूप कमी करणंही चुकीचं. हॉजडनने एच११० आणि विंचेस्टर २९६ साठी स्पष्ट सांगितलं आहे, दिलेल्या लोडपेक्षा तीन टक्क्यांहून खाली जाऊ नका.

आता वजनकाटा. इलेक्ट्रॉनिक काटा सुरू करून अर्धा तास तापू द्या. एसीचा झोत, पंखा, शेजारी ठेवलेला मोबाइल, यांनी तो भरकटतो. दर दहा-पंधरा काडतुसांनी चेक वेट ठेवून खात्री करा, आणि ते वजन तुमच्या लोडच्या जवळपासचं असावं. स्क्रीनवर एकक ग्रेन आहे की ग्रॅम की कॅरट, हे दरवेळी वाचा. स्वस्त काट्यांवर एका बटनाच्या चुकीच्या स्पर्शाने ते बदलतं, आणि एका ग्रॅममध्ये १५.४३ ग्रेन असतात. दांडीच्या काट्यावर मोठं वजन एक खाच पुढे सरकून बसलं तर सगळी बॅच एकसारखी चुकीची निघते, एकसारखी असल्यामुळे संशयही येत नाही. माप लावल्यावर दुसऱ्या काट्यावर एकदा तोलून बघणं, हा यावरचा खात्रीचा उपाय.

पुन्हा सुरुवात

कारण सापडलं, दुरुस्त केलं, म्हणून थेट जुन्याच लोडवर परत जायचं नाही. ताज्या मॅन्युअलमधला सुरुवातीचा लोड घ्या. तो दिला नसेल तर कमाल आकड्याच्या दहा टक्के खालून सुरुवात. प्रत्येक पायरीची थोडीच काडतुसं भरा, क्रोनोग्राफसमोर झाडा, प्रत्येक पुंगळी हातात घेऊन बघा. पावडर समान पावलांनी वाढवली तरी दाब समान पावलांनी वाढत नाही. वरच्या टोकाला तो उड्या मारतो, म्हणून तिथे पायऱ्या आणखी लहान ठेवायच्या. वेग वाढणं थांबलं किंवा अचानक फार वाढला, की एक पायरी खाली येऊन तिथेच राहायचं. चांगला नेम कमाल लोडच्या खालीच सापडतो, हा बहुतेकांचा अनुभव आहे. हरणाला किंवा कागदाला पन्नास फूट प्रतिसेकंदाचा फरक कळत नाही.

"युरोपात बंदुका प्रूफ हाउसमध्ये जास्त दाबाने तपासलेल्या असतात ना, मग थोडं वर गेलं तर काय बिघडतं?" असंही कुणीकुणी विचारतं. सीआयपीची ती चाचणी कमाल दाबाच्या २५ ते ३० टक्के वरच्या दाबाने, मोजक्या गोळ्यांची असते. त्यातून बंदूक तेवढं एकदा सोसू शकते एवढंच कळतं. रोज तेवढं सोसेल असा त्याचा अर्थ नाही. पोलाद दमतं, आणि दमलेलं पोलाद बाहेरून दिसत नाही. हाताने भरलेल्या काडतुसाने बंदुकीचं नुकसान झालं तर बहुतेक कंपन्या वॉरंटीही नाकारतात, हे तुमच्या बंदुकीच्या माहितीपुस्तकात लिहिलेलं सापडेल.

राहता राहिली ती बाजूला ठेवलेली बॅच. ती कुणाला देऊ नका, "दुसऱ्या बंदुकीत चालेल" असं म्हणू नका. ओळखीच्या कुणी स्वतः भरलेली काडतुसं तुम्हाला दिली तरी झाडू नका. थोडी असतील तर हातोड्यासारख्या पुलरने, जास्त असतील तर प्रेसवर बसणाऱ्या कोलेट पुलरने एकेक उघडा, चष्मा लावून. पहिल्या दहा-बारा काडतुसांतली पावडर वेगवेगळी तोला आणि वहीत लिहून ठेवा. वजनं एकमेकांपासून दूर निघाली तर दोष मापीत होता, सगळी सारखी निघाली तर लोडमध्ये किंवा सुट्या भागांत. गोळ्या आणि ठीक दिसणाऱ्या पुंगळ्या परत वापरता येतील. काढलेली पावडर मात्र डब्यात परत ओतायची नाही, ती अंगणातल्या मोकळ्या मातीवर पातळ पसरून टाका आणि डब्यावर तारीख घालून नवी बॅच सुरू करा.